मोटारीच्या बॅटरीसाठी चार्जर कोणता घ्यावा?

मोटार ही चैनीची वस्तू आहे असे म्हणण्याचे दिवस आता राहिले नाहीत. आमच्या रामाकोन्यासारख्या गावातही संत्र्याच्या बागायतदाराकडे, शिक्षकाकडे, किराणा दुकानदाराकडे एखादी चारचाकी उभी असलेली दिसते. ‘उभी असलेली’ हे शब्द मी मुद्दाम वापरले आहेत. शहरातली मोटार रोज कचेरीला जाते. गावातली मोटार लग्नकार्याला, जामसावळीच्या दर्शनाला किंवा नागपूरच्या डॉक्टरांकडे जाण्यापुरती निघते आणि उरलेले दिवस अंगणात ताडपत्रीखाली काढते. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथे स्थायिक झालेल्या आपल्या कितीतरी कुटुंबांतही हल्ली हाच प्रकार आहे. मुले परगावी, घरी दोन वृद्ध माणसे, आणि फाटकाच्या आत मुलाने घेऊन दिलेली मोटार.

अशा मोटारीची गरज पडते ती बहुधा अवेळी. रात्री दोन वाजता छातीत कळ येते किंवा माहेरी आलेल्या मुलीचे दिवस भरतात. आमच्या गावापुरते बोलायचे तर एका अंगाला सिल्लेवानीचा घाट आणि दुसऱ्या अंगाला नागपूरचा लांबचा रस्ता. मोठे इस्पितळ जवळ नाही. अशा वेळी किल्ली फिरवावी आणि इंजिनाच्या गुरगुरण्याऐवजी ‘टक्’ असा एक कोरडा आवाज यावा, याइतका जीव खालावणारा प्रसंग दुसरा नाही. जुन्या अँबॅसडर व फियाट गाड्यांना पुढून लोखंडी हँडल घालून इंजिन फिरविता येत असे. आजच्या मोटारीला ती सोय नाही. ढकलून चालू करावी म्हटले, तर पेट्रोलचा पंप आणि इंजिनावर हुकमत चालविणारा संगणक हे दोन्ही बॅटरीवरच जगतात. ती पुरती रिकामी असेल तर दहा माणसांनी ढकलूनही उपयोग होत नाही. स्वयंचलित गिअरची गाडी तर ढकलून सुरू होतच नाही. २०२० साली २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी झाली, तेव्हा हा अनुभव घरोघर आला. दीड-दोन महिने उभ्या राहिलेल्या गाड्या हलेनात, आणि मेकॅनिकला बोलवावे तर तोही घरात अडकलेला.

तेव्हा ज्याच्या घरी थोडी वापरली जाणारी मोटार आहे, त्याच्या घरी बॅटरी चार्ज करण्याचे एक लहानसे यंत्र असावे, असे माझे मत आहे. प्रश्न एवढाच, की बाजारात त्याचे शंभर नमुने असताना बेताच्या पैशात टिकाऊ चार्जर ओळखावा कसा? दुकानदार पहिल्याने सांगतो ते अँपिअर: “हा दहा अँपिअरचा, हा पंधराचा.” गिऱ्हाईकही मोठा आकडा पाहून भुलते. माझ्या मते चार्जरची खरी पारख त्याच्या जोरावर करावयाची नसते. कधी थांबावे हे त्याला कळते की नाही, यावर ती करावयाची असते. हे का, ते समजण्यासाठी आधी बॅटरीच्या पोटात डोकावले पाहिजे.

बॅटरी बसते म्हणजे काय होते

शिसे आणि गंधकाम्ल यांचा हा विद्युत्घट गास्ताँ प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली सिद्ध केला. दीडशेहून अधिक वर्षे लोटली, तरी मोटारीच्या बॉनेटखाली मुख्यतः त्याचाच वंशज बसलेला आहे. मोटारीच्या बॅटरीत असे सहा घट ओळीने जोडलेले असतात. प्रत्येकाचा दाब दोन व्होल्टांहून किंचित अधिक, म्हणून पूर्ण भरलेली व काही तास विसावलेली बॅटरी १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखविते. १२.४ म्हणजे सुमारे पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, आणि १२ वर आली की जेमतेम पाव उरली असे समजावे. ‘बारा व्होल्टची बॅटरी बारा व्होल्ट दाखविते, मग ती ठीकच आहे’ असे म्हणणारे पुष्कळ सुशिक्षित गृहस्थ मला भेटले आहेत. वस्तुतः त्यांची बॅटरी त्या क्षणी उपाशी असते.

बॅटरीतून वीज घेतली जाते तसतसे तिच्या पट्ट्यांवर शिशाचे सल्फेट साचत जाते. चार्ज करताना ते परत विरघळते. परंतु बॅटरी तशीच रिकामी पडू दिली, तर त्या सल्फेटचे बारीक कण एकमेकांत मिळून टणक खडे बनतात आणि मग ते सहजासहजी विरघळत नाहीत. आमच्याकडे ‘बॅटरी बसली’ असे म्हणतात. हा शब्द मोठा अन्वर्थक आहे. नुकताच बसलेला माणूस हात दिला की उठतो. महिनोन् महिने बसून राहिलेल्याचे सांधे धरतात आणि मग हात देणारा कितीही बळकट असला तरी उपयोग होत नाही.

बॅटरी रिकामी कशाने होते, याविषयीही एक गैरसमज आहे. इंजिन सुरू करताना सेल्फ स्टार्टर फार मोठा प्रवाह ओढतो हे खरे. लहान मोटारीतही तो दीडशे अँपिअरच्या घरात जातो. पण तो ओढतो दोन-तीन सेकंद. दीडशे अँपिअर तीन सेकंद म्हणजे हिशेबाने एक अँपिअर-तासाचा आठवा हिस्सा. पस्तीस अँपिअर-तासांच्या बॅटरीला ही काही मोठी उधळपट्टी नव्हे. खरी गळती होते ती उभ्या गाडीत. कुलूप लावून ठेवलेल्या आजच्या मोटारीतही घड्याळ, चोरघंटी, दाराच्या कुलपाचा ग्राहक हे सारे जागेच असतात आणि साधारण तीस ते पन्नास मिलिअँपिअर प्रवाह सतत घेत असतात. पन्नास मिलिअँपिअर दिवसाला १.२ अँपिअर-तास होतात. म्हणजे पंधरा दिवसांत ३५ अँपिअर-तासांची बॅटरी निम्म्यावर येते. तीस धरले तरी चोविसाव्या-पंचविसाव्या दिवशी तीच गत. त्यात कोणी जीपीएसचे यंत्र बसविले असेल तर विचारूच नये. पुढचे दिवे चुकून चालू राहिले, तर दोन दिव्यांचे मिळून दहा अँपिअर धरल्यास एका रात्रीत खेळ आटोपतो.

‘आठवड्यातून एकदा दहा मिनिटे इंजिन चालू ठेवतो’ असे सांगणारे असतात. उभ्या उभ्या मंद गतीने फिरणाऱ्या इंजिनाचा अल्टरनेटर थोडीच वीज देतो, आणि बसलेली बॅटरी ती सावकाश पिते. पुरती भरण्यास तिला तासांमागून तास लागतात. ती भूक दहा मिनिटांत भागत नाही. पेट्रोल मात्र जळते. गाडी महामार्गावर तासभर पळवावी, हा त्याहून बरा उपाय. पण ज्या घरात चालविणारेच परगावी आहेत, तेथे तो कोणी करावा?

थांबण्याचे शहाणपण

माझ्या शालेय वयात बॅटरी चार्ज करणे ही घरी करण्याची गोष्टच नव्हती. १९८७ साली दूरदर्शनवर ‘रामायण’ मालिका सुरू झाली. रविवारी सकाळी नेमकी वीज जाईल, या धास्तीने ज्यांच्याकडे बारा व्होल्टवर चालणारा लहानसा टीव्ही असे ते शेजारच्या ट्रॅक्टरची बॅटरी उतरवून तयार ठेवीत. ओसरीवर सारी आळी दाटीवाटीने बसे. नंतर ती बॅटरी सायकलच्या मागे दोरीने बांधून सौंसरला ‘चार्जिंगला टाकावी’ लागे. लग्नातले लाउडस्पीकरही अशाच बॅटऱ्यांवर गात. चार्जिंगच्या दुकानात पाऊल टाकले की आम्लाचा उग्र वास नाकात शिरे. फळीवर झाकणे उघडलेल्या बॅटऱ्या पंगतीला बसविल्यासारख्या एकापुढे एक जोडलेल्या असत आणि त्यांच्यातून बारीक बुडबुड्यांचा आवाज येत असे.

त्या दुकानातील यंत्र अगदी अडाणी होते. एक भला मोठा ट्रान्सफॉर्मर, प्रवाह एकाच दिशेने वळविणाऱ्या पट्ट्या, आणि एक काटा. ओळीने जोडलेल्या सर्व बॅटऱ्यांतून तो सारखाच प्रवाह लोटी; कोणाचे पोट भरले आणि कोण अजून उपाशी आहे, याची त्याला दाद नव्हती. शहाणपण होते ते दुकानदाराजवळ. तो काचेची नळी, म्हणजे हायड्रोमीटर, एकेका घटात बुडवून आम्लाची घनता पाही आणि जिचे भरले तिला ओळीतून काढी. आज आपण तेच अडाणी यंत्र लहान करून घरी आणतो. त्या दुकानदाराला मात्र घरी आणीत नाही. आणि बॅटऱ्याही आता बहुधा झाकण बंद केलेल्या असतात, त्यांत नळी बुडविता येत नाही. म्हणूनच थांबण्याचे ते शहाणपण यंत्रातच असले पाहिजे.

थांबले नाही तर काय होते? चार्ज होताना बॅटरीचा दाब वाढत जाऊन साधारण १४.४ व्होल्टांपर्यंत येतो. त्यापलीकडे रेटले की वीज पट्ट्यांत साठण्याऐवजी पाण्याचे विघटन करू लागते. हायड्रोजन व प्राणवायू बुडबुड्यांनी निघून जातात, पाणी आटते, पट्ट्या गंजून झिजतात. उघड्या बॅटरीत निदान डिस्टिल्ड वॉटर घालता येते. बंद बॅटरीत गेलेले पाणी गेलेच. उलट १४ व्होल्टांच्या आतच चार्जर थांबला, तर बॅटरी अर्धपोटी राहते आणि सल्फेट धरते. दोहोंच्या मधली वाट सांभाळणे हे चार्जरचे काम.

स्वस्त ट्रान्सफॉर्मर आणि गावची वीज

बाजारातले चार्जर मुख्यतः दोन जातींचे. पहिला साधा ट्रान्सफॉर्मरचा: जड, घूं घूं करणारा, वर अँपिअरचा काटा असलेला. त्याच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. आत बिघडण्यासारखे फारसे काही नसते, बिघडले तर गावचा वायरमनही दुरुस्त करतो, आणि पार बसलेल्या बॅटरीलाही तो निमूटपणे वीज पाजू लागतो. परंतु त्याचा दाब घरातल्या विजेच्या दाबाशी बांधलेला असतो, आणि खेड्यात हीच मेख आहे.

समजा, घरात २३० व्होल्ट असताना असा चार्जर १५ व्होल्ट देतो. रब्बीच्या दिवसांत गावचे सारे पंप चालू झाले आणि घरातला दाब १७० वर आला, की चार्जर देणार जेमतेम ११ व्होल्ट. बॅटरी स्वतः बारा व्होल्टांची. तिच्यात अकरा व्होल्टांनी वीज शिरणार कशी? काटा शून्यावर, आणि मालक समजतो की चार्जर बिघडला. मध्यरात्री पंप बंद होतात, दाब २५० पर्यंत चढतो, आणि तोच चार्जर १६ व्होल्टांहून अधिक देऊ लागतो. सारे घर झोपेत आणि बॅटरी उकळते आहे! चार महिन्यांपूर्वी घेतलेल्या बॅटरीच्या कडा फुगलेल्या आणि झाकणापाशी आम्लाचे पांढरे डाग, असे चित्र मी आमच्याच आळीत पाहिले आहे. दोष मात्र बॅटरीच्या कंपनीला दिला गेला.

दुसरी जात इलेक्ट्रॉनिक, म्हणजेच स्वयंचलित. हा हलका असतो आणि घरातला दाब कमीजास्त झाला तरी आपला दाब स्थिर राखतो. मात्र कोणत्या मर्यादेपर्यंत, ते पाठीवरच्या पट्टीवर वाचून घ्यावे. ‘२२० ते २४०’ असे छापलेला चार्जर भोपाळ-नागपूरसारख्या शहरात चालेल. खेड्यात निदान १७० पासून वर चालणारा हवा. चांगला स्वयंचलित चार्जर तीन पायऱ्यांनी काम करतो. आधी ठरलेला प्रवाह देतो, दाब १४.४ च्या आसपास पोहोचला की तो दाब तेथेच धरून प्रवाह हळूहळू कमी करीत नेतो. आणि शेवटी १३.५ ते १३.८ वर उतरून बॅटरीला नुसते टेकू देऊन बसतो. या शेवटच्या पायरीमुळे महिनाभर गाडी उभी ठेवणाऱ्यास तो जोडून ठेवला तरी भय नाही.

बॅटरी जितकी उष्ण, तितका हा दाब कमी हवा. मे महिन्यात पारा ४२ अंशांवर असतो तेव्हा १४.४ ऐवजी सुमारे १४ व्होल्ट पुरेत. काही चार्जर तापमान पाहून हे आपोआप साधतात. तसा न मिळाल्यास साधी गोष्ट करावी: उन्हाळ्यात चार्जिंग पहाटे, सावलीत करावे. ग्वाल्हेरकडील वाचकांचा प्रश्न उलटा आहे. तेथील कडाक्याच्या थंडीत इंजिनाचे तेल घट्ट होते आणि बॅटरीतील रासायनिक क्रियाही मंदावते, म्हणून निम्मी बसलेली बॅटरी उन्हाळ्यात गाडी चालू करील, पण पौषातल्या पहाटे करणार नाही. त्यांनी थंडी सुरू होण्याआधीच एकदा ती पूर्ण भरून घ्यावी.

एक दोष स्वयंचलित चार्जरांतही आढळतो. बॅटरी आठ-दहा व्होल्टांच्या खाली गेलेली असेल तर त्यांतले काही तिला ओळखतच नाहीत. जणू काही जोडलेच नाही, असे समजून दिवा मिचकावीत बसतात. म्हणून दुकानात स्पष्ट विचारावे, की किती व्होल्टांपर्यंत बसलेली बॅटरी हा उचलतो. दुकानदारास सांगता येत नसेल तर माहितीपत्रक मागावे. तेही नसेल तर दुसरे दुकान पाहावे.

दुकानात उभे राहून

अँपिअर किती हवेत, याचा जुना आणि आजही खरा ठोकताळा असा, की बॅटरीच्या अँपिअर-तासांचा दहावा हिस्सा. लहान मोटारीची बॅटरी ३५ ची, तर साडेतीन ते चार अँपिअर. मोठ्या डिझेल गाडीची ६० ते ८०, तर सहा ते आठ. ट्रॅक्टरही त्यावरच चार्ज करावयाचा असेल तर आठ-दहाचा घ्यावा, पण त्यात प्रवाह कमी करण्याची कळ हवी. निम्मी बसलेली ३५ ची बॅटरी साडेतीन अँपिअरने भरावयास, शेवटचा मंद टप्पा धरून, एक रात्र पुरते. घरात इन्व्हर्टर असलेले लोक विचारतात, की त्यालाच मोटारीची बॅटरी जोडली तर? तो दीडशे अँपिअर-तासांच्या ट्यूब्युलर बॅटरीसाठी दहा-पंधरा अँपिअर देण्याच्या बेताने केलेला असतो. लहान मुलाला मल्लाचा खुराक देऊ नये.

खोक्यावरील आकड्याची सत्यता तपासण्याची एक युक्ती सांगतो. तिला यंत्र लागत नाही, पाढे लागतात. दहा अँपिअर १४.४ व्होल्टांनी म्हणजे १४४ वॅट झाले. एवढे बाहेर देणारा चार्जर भिंतीतून त्याहून अधिकच घेणार. पाठीवर ‘६० वॅट’ छापले असेल आणि पुढे ‘१० अँपिअर’, तर त्यातला एक आकडा खोटा, आणि तो कोणता हे सांगावयास नको. सातवीच्या वर्गाला हे गणित मी घातले होते. एका मुलाने विचारले, “सर, मग असं छापू देतात कसं?” त्याचे उत्तर अजून माझ्यापाशी नाही.

ट्रान्सफॉर्मरचाच घ्यावयाचा झाला तर हातात उचलून पाहावा. तांब्याच्या तारेचा असेल तर तो आकाराच्या मानाने जड लागतो. ॲल्युमिनियमचा हलका आणि लवकर तापणारा. दोन्ही जातींत बॅटरीकडे जाणाऱ्या तारा चांगल्या जाड हव्यात आणि चिमट्यांचे दात पक्के हवेत. नुसता पत्र्याचा, कमजोर स्प्रिंगचा चिमटा सहा महिन्यांत गंजतो आणि त्याच्याशी सारा प्रवाह अडतो. टोके उलटी जोडली गेली तर यंत्र जळू नये अशी सोय आहे का? फ्यूज बाहेरून बदलता येतो का? डबा स्क्रूने बंद केलेला आहे की चिकटवून टाकलेला? चिकटविलेला डबा म्हणजे दुरुस्ती नाही, हे आधीच कबूल केल्यासारखे आहे. प्लग तीन पायांचा हवा. आत पंखा असेल तर त्याच्या जाळीतून धूळ आणि पाली किती सुखाने जातील तेही पाहावे. आमच्याकडे पंख्याशिवाय थंड राहणारा चार्जर अधिक टिकतो, असे मी पाहिले आहे.

पैशाचे म्हणाल तर माझा हिशेब असा. लहान मोटारीची नवी बॅटरी आज चार हजारांच्या आसपास किंवा त्याहून थोडी महाग पडते. चार्जरला तिच्या निम्म्याहून अधिक खर्चू नये. तेवढ्यात तीन पायऱ्यांचा देशी बनावटीचा चार्जर, जवळच्या शहरातल्या दुकानाच्या हमीसह मिळू शकतो. परदेशी नाममुद्रेचे चार्जर उत्तम असतात. पण त्यांची किंमत कधी कधी बॅटरीइतकी, आणि बिघडले तर दुरुस्तीसाठी कोठे न्यावयाचे हा प्रश्न उरतोच. नागपूरच्या सीताबर्डीवर किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रस्त्यावर अगदी स्वस्त मालही दिसतो. तेथे बरोबर एक मल्टिमीटर न्यावा. तो काहीशे रुपयांत मिळतो आणि घरी आणखी पन्नास कामांना येतो. दुकानातल्याच भरलेल्या बॅटरीला चार्जर जोडून ‘पूर्ण’चा दिवा लागेपर्यंत थांबावे आणि टोकांवर दाब पाहावा. १४.४ च्या थोडे मागेपुढे जाऊन तो १३.८ च्या खाली उतरला तर चार्जर खरा. पंधराच्या वर चढतच राहिला तर खोका हसतमुखाने परत करावा.

एक सूचना नव्या गाड्यांच्या मालकांना. सिग्नलला इंजिन आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होते, अशा गाडीत बॅटरी निराळ्या जातीची असते. तिच्यावर इंग्रजीत एजीएम किंवा ईएफबी अशी अक्षरे असतात. चार्जरवर त्या जातीचा उल्लेख असल्याखेरीज तो लावू नये. लिथियमची बॅटरी शिशाच्या चार्जरला मुळीच जोडू नये.

जोडताना

चार्ज होणाऱ्या बॅटरीतून निघणारा हायड्रोजन एका ठिणगीने भडकतो, हे विसरता कामा नये. जागा मोकळी, हवेशीर हवी. जवळ बिडी, देवघरातला दिवा, गॅसची शेगडी काही नको. बटण बंद असतानाच आधी धन टोकाला तांबडा चिमटा लावावा, मग काळा. बॅटरी गाडीतच असेल तर काळा चिमटा ऋण टोकाला न लावता दूर, इंजिनाच्या किंवा सांगाड्याच्या उघड्या धातूला लावावा, म्हणजे ठिणगी पडलीच तर बॅटरीपासून लांब पडेल. त्यानंतर भिंतीचे बटण. काढताना बरोबर उलट क्रम: आधी बटण, मग काळा, शेवटी तांबडा. चार्जर लावलेला असताना इंजिन सुरू करू नये. उघड्या बॅटरीत पाणी घालावे ते डिस्टिल्डच. विहिरीचे किंवा नळाचे नको, आणि आम्ल तर घरी कधीच नको. डोळ्यांवर चष्मा असावा. आम्ल अंगावर उडाले तर भरपूर पाण्याने धूत राहावे, डोळ्यात गेले तर धुऊन थेट डॉक्टरकडे जावे. फरशीवर सांडलेल्या आम्लावर खाण्याचा सोडा टाकावा.

विजेच्या बिलाची धास्ती मात्र नको. निम्मी बसलेली लहान बॅटरी भरावयास अर्धे युनिटही लागत नाही.

गाडी जेथे उभी राहते तेथे विजेचे बटणच नसेल, तर दहा वॅटचे सौर तावदान आणि त्याचा लहानसा नियंत्रक हा एक मार्ग आहे. आमच्याकडच्या उन्हात ते दिवसाकाठी दोन-तीन अँपिअर-तास देते, म्हणजे उभ्या गाडीची गळती भरून निघते. बसलेली बॅटरी उठविण्याचे बळ मात्र त्यात नाही. खिशात मावणारे, लिथियमचे ‘जंप स्टार्टर’ही हल्ली मिळतात. अडल्या रात्री गाडी चालू करून देण्यास ते चांगले; पण तेवढ्याने बॅटरी भरत नाही, म्हणून त्यांना चार्जर समजू नये.

चार्जर घरी आल्यावर पहिल्या रात्री बॅटरी पूर्ण भरावी, चार्जर काढावा, आणि गाडी सुरू न करता दुसऱ्या दिवशी सायंकाळी मल्टिमीटर लावावा. १२.५ च्या वर दाब टिकला असेल तर पुढे गाडी फारशी न चालविणाऱ्याने दर पंधरवड्यास एक रात्र चार्जिंग करावे. चतुर्थीचा उपवास लक्षात राहतो त्यांनी तोच दिवस धरावा. एका दिवसात दाब आपोआप १२.२ वर आला, तर बॅटरी काढून, म्हणजे आधी काळे टोक आणि मग तांबडे सोडवून, तपासणीसाठी दुकानात न्यावी. गाडीत काही वीज खात असेल तर बाहेर काढलेली बॅटरी दाब टिकवील. बाहेर काढूनही तो ढळला, तर तिचा एखादा घट निकामी झाला आहे, आणि कोणताही चार्जर आता तिला उपयोगी नाही. बंद बॅटरीवरील हिरव्या डोळ्यावर या कामी विसंबू नये; तो सहांपैकी एकाच घटाची खबर देतो. जुनी बॅटरी भंगारवाल्यास न देता नवी घेताना दुकानातच परत करावी. तिच्यातल्या शिशाची किंमत वजा होऊन मिळते, आणि अंगणात फोडून शिसे वितळविणाऱ्याच्या हाती ती पडत नाही.